न चाखलेलं पन्हं

चांदा जिल्ह्यात घोटच्या पुढे, रानात बरंच आत, कोहमेटा म्हणून बारा घरांचं गोंडांचं गाव आहे. त्यातलं डोंगराकडचं शेवटचं घर कोलूचं. अंगानं वाळक्या शेंगेसारखा, डाव्या पायानं किंचित लंगडणारा हा माणूस. पाय अस्वलानं फाडला होता. त्याबद्दल कुणी विचारलं तर तो म्हणायचा, ‘तिची पिल्लं होती, तिचं काही चुकलं नाई.’ त्याचं वय अठ्ठेचाळीस. तेही त्यानं मोजलेलं नव्हतं. लाकडाच्या डेपोवरच्या नानाजी मुनशींनी कागदावर लिहायला म्हणून अंदाजानं ठरवून दिलं होतं.

बोलायला कोलू थोडका. पण जे बोलेल ते खरं, अशी त्याची ख्याती होती. रान मोजायला येणारे साहेबलोक वाटाड्या म्हणून त्यालाच मागायचे. एकदा कोलूनं एका साहेबाला तोंडावर सांगितलं होतं की काल वाट मीच चुकलो, तुमच्या नकाशाचा दोष नाही. साहेब चकित झाला होता, कारण नकाशाही चुकलेलाच होता.

त्या वर्षी, म्हणजे पंचावन्न सालच्या चैत्रात, कोलूच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. गोंडांकडे मरका पंडुम नावाचा सण असतो. मरका म्हणजे आंबा. गावच्या देवाला नवा आंबा वाहून पंडुम झाल्याखेरीज कुणी कैरीला हात लावत नाही. झाडाखाली पडलेलीसुद्धा उचलत नाही. आपल्याकडे नैवेद्य दाखवायच्या आधी एखाद्या पोरानं वाटीत बोट घातलं तर घरच्या बाईचा जीव कसा खालीवर होतो, तसंच हे. फरक इतकाच की आपला नैवेद्य एका घराचा, त्यांचा अख्ख्या गावाचा.

पंडुमच्या दिवशी पहिला घोस झाडावरून उतरवायचा मान कोहमेट्यात घरांच्या पाळीनं असे. घरं बारा, म्हणजे एकदा हुकलं की बारा वर्षं थांबायचं. मागच्या पाळीला कोलू अस्वलाच्या जखमेनं तापात पडला होता आणि मान पुढच्या घराला गेला. यंदा पुन्हा त्याची पाळी आली होती. घोस उतरवणाऱ्यानं त्या वर्षी तोवर कैरीला शिवलेलंही नसावं, असा दंडक. होळीपासून कोलू आंब्याच्या झाडाखालून जाताना हात पाठीमागे बांधून चालायचा. त्याची बायको सोमारी त्यावरून त्याला हसायची. म्हणायची, नवरदेवासारखा चालून राह्यला. पण तिनंही नवीन टोपली विणून आढ्याला टांगून ठेवली होती.

पंडुम बुधवारवर आलं. त्याच्या आधीच्या शुक्रवारी रामनवमी होती, तिला जोडून शनिवार-रविवार. शुक्रवारी संध्याकाळी नानाजी मुनशी डेपोच्या ट्रकमधून एक पाहुणा घेऊन आले. नानाजींचा पुतण्या नागपूरला शेतकी कॉलेजात शिकत होता. त्याच्या खोलीत राहणारा हा मुलगा आफ्रिकेतल्या नायजेरिया देशाचा, शिष्यवृत्तीवर आलेला, नाव एमेका. त्याला रान पाहायचं होतं, डोंगर चढायचा होता. पुतण्या स्वतः परीक्षेत अडकला, म्हणून त्यानं काकांना चिठ्ठी दिली. नानाजींनी कोलूला सांगितलं, उद्या याला डोंगरावर ने, रविवारी दुपारी मी न्यायला येतो, आईनं समुद्रापलीकडून पाठवलेलं पोर आहे, जपून.

परदेशी पाहुणा येणार एवढंच सोमारीला कळलेलं होतं. तिनं मनात गोरा साहेब धरला आणि डेपोवरून कपबशी मागून आणली. ट्रकमधून उतरला तो तिच्याच रंगाचा, फक्त इतका उंच की वळचणीला डोकं आपटलं. ती पाहतच राहिली. मग कोलूच्या कानाशी म्हणाली, ‘कपबशी परत देऊन येऊ का?’

एमेकानं चहा घेतला, पण त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या सुपाकडे होतं. सुपात रानातून खणून आणलेले कंद होते. तो उठला, एक कंद हातात घेऊन त्यानं वास घेतला आणि लहान मुलासारखा हसायला लागला. त्याच्या तोडक्यामोडक्या हिंदीतून कळलं ते एवढंच, की त्याच्या गावी हाच कंद असतो, फक्त माणसाच्या मांडीएवढा, आणि त्याची आई तो उकडून कुटते. सोमारीनं लगेच चार कंद उकडले. त्यानं मीठ लावून सगळे खाल्ले. गेल्या आठ महिन्यांत मेसच्या पोळ्यांनी जे झालं नव्हतं ते त्या कंदांनी झालं. पोर घरी आल्यासारखं पाय पसरून बसलं आणि कोलूला चाचा म्हणू लागलं.

शनिवारी उजाडता उजाडता दोघं निघाले. कोलूच्या खांद्याला आंबिलीनं भरलेला भोपळ्याचा तुंबा, कमरेला चकमक, धोतराच्या गाठीत मीठ. एमेकाच्या पायात जड बूट, पाठीवर पिशवी, पिशवीत बिस्किटांचा डबा आणि पाण्याची बाटली. पहिल्या चढावर कोलूनं आंबील पुढे केली. एमेकानं घोट घेतला, आंबट तोंड केलं आणि बिस्किटं काढली. कोलूला वाईट वाटलं नाही. पुण्याचा एक साहेब तर वासावरूनच मागे सरला होता.

अर्ध्या डोंगरावर एक मोठं मोहाचं झाड आहे. तिथे तुंबा फांदीला टांगून पुढे जायची कोलूची जुनी रीत. चढताना ओझं कशाला, परतताना थंडगार मिळते, आणि डोंगरमाथ्याजवळ पाण्याची झिरपण आहेच. आजवर त्या रीतीनं त्याला कधी दगा दिला नव्हता.

माथ्यावर पोचायला दहा वाजले. चहूकडे रान, त्यापलीकडे रान, आणि फार लांब एक पांढरी रेघ, ती वैनगंगा. एमेका एका खडकावर उभा राहून दोन्ही हात पसरून स्वतःच्या भाषेत काहीतरी मोठ्यानं म्हणाला. मग बाटलीतलं उरलेलं पाणी त्यानं डोक्यावर आणि तोंडावर ओतलं. कोलूनं पाहिलं, पण तो बोलला नाही, कारण झिरपण जवळच होती. जाऊन पाहतात तर दगड कोरडे. मागच्या पावसाळ्यात पाऊस कमी झाला होता. बाराही महिने ओली असणारी ती जागा यंदा चैत्रातच आटली होती. वाटाड्यानं आधी येऊन पाहायला हवं होतं.

ते तडक उतरायला लागले. ऊन डोक्यावर आलं. काळा खडक तव्यासारखा तापलेला. मोहापाशी आले तेव्हा तुंबा खाली फुटून पडलेला होता आणि वानरं वरच्या फांद्यांवर बसून शेपट्या हलवत होती. आंबील मातीत केव्हाच मुरून गेली होती.

एमेका आधी हसला. म्हणाला, वानरांना तरी आवडली. पण थोडं पुढे गेल्यावर त्याचं हसणं बंद झालं. मग बोलणं बंद झालं. मग तो मध्येच थांबून भलत्याच दिशेला चालू लागला. कोलूनं हाताला धरलं तर अंग भट्टीसारखं, आणि घामाचा टिपूस नाही. लू लागली होती, उन्हाचा झटका. उतारावर तो एकदा पडला, उठला, पुन्हा पडला आणि मग त्याला उठवेना. त्या लंगड्या पायानं कोलूनं ते धिप्पाड अंग कसं खाली नाल्यापर्यंत नेलं हे त्याचं त्याला माहीत. थोडं उचलून, थोडं ओढून.

नाल्यात सावली होती. कोलूनं वाळू हातभर उकरून झिरा काढला. गढूळ पाणी आलं, ते निवळू दिलं, सागाच्या पानात भरून एमेकाच्या तोंडाला लावलं. पोटात गेलं तसं ओकून बाहेर आलं. दुसऱ्यांदाही तेच. पोर डोळे अर्धे मिटून पुटपुटत होतं. त्यातला एक शब्द परत परत येत होता, आणि तो आईला मारलेली हाक होता हे समजायला कोलूला ती भाषा यायची गरज नव्हती.

अशा लूवर इलाज एकच, आणि तो त्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक असतो. कैरी भाजायची, तिचा गर पाण्यात कोळून मीठ घालून पाजायचा, आणि उरलेला तळपायांना, तळहातांना चोळायचा.

कोलूनं वर पाहिलं. नाल्याच्या काठावरच आंब्याचं झाड होतं, कैऱ्यांनी लगडलेलं.

तो किती वेळ तसा उभा होता हे त्याला पुढे सांगता आलं नाही. चार दिवस. फक्त चार दिवस राहिले होते. आढ्याला टांगलेली टोपली त्याला दिसली. गावावर विघ्न आलं तर ते आपल्या नावावर येईल, हेही दिसलं. पुन्हा खाली पाहिलं तर पोराचे ओठ पांढरे पडले होते.

त्यानं हात जोडले. झाडाला म्हणाला, ‘माह्यासाठी नाई. माय दूर आहे त्याची.’ आणि चढला.

चार कैऱ्या उतरवल्या. चकमकीनं काटक्या पेटवून निखाऱ्यात भाजल्या, साल काढून गर पानाच्या द्रोणात कोळला, धोतराच्या गाठीतलं मीठ घातलं. पन्हं करणारा माणूस शेवटी बोटाला लावून पाहतो, मीठ कमी की जास्त. कोलूचंही बोट सवयीनं द्रोणात गेलं आणि ओठांपर्यंत येऊन थांबलं. त्यानं ते गवताला पुसलं. अंदाजानं आणखी चिमूटभर मीठ टाकलं, मग पुरणार नाही असं वाटून आणखी एक.

घोट घोट पाजलं. या वेळी पोटात राहिलं. तळपाय चोळले, तळहात चोळले. सूर्य कलता झाला तेव्हा एमेकाच्या कपाळावर घाम फुटला. कोलूला तो घाम पाहून रडू आलं, असं सोमारी सांगते. तो स्वतः म्हणतो, धूर गेला डोळ्यांत.

दिवेलागणीला दोघं घरी पोचले. एमेका मिटल्या डोळ्यांनीच खाटेवर पडला. आपण काय प्यालो, त्याचं मोल काय, यातलं त्याला काही माहीत नव्हतं. कोलू दारातच उभा राहिला. त्याच्या बोटांना कैरीच्या चिकाचे काळे डाग होते. सोमारीनं ते पाहिले आणि तिला सगळं कळलं.

‘कोणी पाह्यलं?’ तिनं विचारलं.

‘झाडानं.’

चुलीतली राख चार वेळा घासली असती तर ते डाग निघाले असते. तिनं राखेकडे पाहिलंही. मग उठून आढ्याची टोपली खाली काढली, झटकली आणि तिच्यात मोहाची सुकलेली फुलं भरली. कोलूनं ते पाहिलं आणि ओसरीवर जाऊन बसला. बारा वर्षांनी तो साठीचा असणार होता. लंगड्या पायानं साठाव्या वर्षी कोण झाडावर चढतो?

रविवारी सकाळी कोलू आपण होऊन सुकलू पेरमाकडे गेला. पेरमा म्हणजे गावच्या देवाचा पुजारी. सुकलू म्हातारा, दात पडलेला, पण जिभेनं अजून धारदार. त्यानं ऐकून घेतलं आणि माणसं बोलावली. मोठ्या सावलीच्या झाडाखाली बाराही घरांचे बसले. तेवढ्यात नानाजी मुनशींचा ट्रक आला, तेही येऊन टेकले. एमेका काठीच्या आधारानं आला. त्याला वाटलं, आपल्याला निरोप द्यायला लोक जमलेत.

कोलूनं सगळं सांगितलं. झिरपण न पाहता गेलो, ती पहिली चूक. तुंबा टांगला, ती दुसरी. कैरी तोडली, ती तिसरी. पोचू नावाचा एक जण कुरकुरला. कोलूनंतरची पाळी पोचूच्या घराची होती, तरीही तो मनापासून हळहळत होता. तो म्हणाला, सांगितलं नसतं तर काय बिघडलं असतं, आम्ही काय तुझी बोटं हुंगायला आलो होतो का. पेरमानं त्याला गप्प केलं.

नानाजींनी हे सारं हिंदीत एमेकाला समजावून दिलं. ते ऐकताना त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तो उठून उभा राहिला. आपल्या मोडक्या हिंदीत, शब्द शोधत, मधेच हातांनी दाखवत तो जे बोलला त्याचा अर्थ नानाजींनी सांगितला तो असा. त्याच्या गावीही नवा कंद देवाला आणि पितरांना दिल्याखेरीज कुणी तोंडात घालत नाही. लहान असताना त्यानं एकदा चोरून भाजून खाल्ला होता, तेव्हा त्याच्या आजीनं देवापुढे कोंबडा ठेवला होता आणि पुढच्या सणापर्यंत त्याच्याशी बोलली नव्हती. त्यामुळे हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. खाल्लं त्यानं, चाचानं नाही. तेव्हा जो दंड असेल तो त्याच्यावर बसावा.

सुकलू पेरमानं त्या पोराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग विचारलं, तू परवा सोमारीच्या घरचे कंद खाल्लेस, ते नवे होते की जुने? सोमारीनं मागून सांगितलं की ते कंद मागच्या सणालाच देवाला वाहून झालेत. पेरमाची मान हलली.

मग तो कोलूकडे वळला.

‘चाखलंस?’

‘नाई.’

‘पन्हं केलंस अन् चाखलं नाई?’

‘नाई.’

पेरमानं नानाजींना एमेकाला विचारायला लावलं, पन्हं कसं होतं. एमेका घोटाळला. ज्यानं जीव वाचवला त्याच्या हातच्या पन्ह्याला नावं कशी ठेवायची, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. नानाजी म्हणाले, खरं ते सांग.

‘नमक,’ तो म्हणाला. ‘बहुत नमक, चाचा. समुंदर.’

आधी पोचू हसला, मग सगळेच हसले. कोलूनं मान खाली घातली, पण त्याच्याही खांद्यांना हिसके बसत होते. पेरमा हसला नाही. त्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

‘जीभ साफ आहे याची,’ तो म्हणाला. ‘चाखणाऱ्याच्या हातून इतकं मीठ पडत नाई. पण हात लागला. घोस दुसरा उतरवील.’

निकाल असा झाला. यंदाचा मान पोचूच्या घराला. कोलूला वाळीत टाकायचं नाही, पंडुमच्या पंगतीत बसवायचं. देवापुढे एक कोंबडा ठेवायचा, तो पाहुण्याच्या नावानं. एमेकानं तिथल्या तिथे आपल्या पिशवीतला बिस्किटांचा डबा पेरमापुढे ठेवला, कारण त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. सुकलूनं डबा उघडून वास घेतला आणि म्हणाला की देव हे खाईल असं वाटत नाही, पण पोरं खातील. कोंबडा सोमारीनं आपल्या खुराड्यातला दिला.

निघताना एमेका कोलूच्या पाया पडला. ते त्याला कुणी शिकवलं कोण जाणे. नागपूरच्या वसतिगृहात पाहून शिकला असेल. कोलूला काय करावं ते सुचेना. त्यानं त्याच्या दोन्ही हातांचे तळवे उलटून पाहिले, कालचा गर लावलेल्या जागी फोड आले नाहीत ना, आणि सोडून दिले. ट्रक दिसेनासा झाल्यावरही तो तिथेच उभा होता.

नानाजींच्या पुतण्यानं पुढे पत्रात लिहिलं की सोमवारी मेसमध्ये ताटात कैरीचं लोणचं आलं, ते एमेकानं बाजूला सारलं. मंगळवारीही सारलं. मुलांनी चिडवलं, नागपूरला काही पंडुम नसतं रे. तो म्हणाला, बुधवारपर्यंत नाही.

बुधवारी पोचूनं घोस उतरवला. नवीन टोपली पुन्हा रिकामी करून सोमारीनंच ती त्याला नेऊन दिली. मोहाच्या फुलांचा वास टोपलीला राहून गेला होता, त्यावरून कुणी काही म्हटलं नाही. देवापुढे पूजा झाली, कोंबडा झाला, मोठ्या मडक्यात कैरीचं कोळलेलं पाणी तयार झालं. माणसं ओळीनं बसली. कोलू शेवटी, घराच्या क्रमानं असतो तसाच. वाढायला सुरुवात करायची तर सुकलू पेरमानं पहिला द्रोण भरला आणि कुणाच्याही हाती न देता, म्हातारी पावलं टाकत ओळीच्या शेवटापर्यंत आला.

‘घे,’ तो म्हणाला. ‘आता चाख. मीठ पाहून सांग.’

सगळ्यांच्या माना वळल्या. कोलूनं द्रोण दोन्ही हातांत घेतला. त्यानं डोळे मिटून एक घोट घेतला आणि बराच वेळ तो तोंडातच धरला.

‘थोडं कमी हाये,’ तो म्हणाला.